दत्तूची राहिलेली पट्टी

दोन हजार चोवीस साल, मला बहात्तर. ग्वाल्हेरच्या माधवगंजातल्या टपरीवर चहा घेत होतो, तेव्हा कोणीतरी सांगितलं, दत्तू गेला, झोपेतच. मी हातातला चहा पूर्ण प्यायलो. हे आधीच लिहून टाकतो...

शाळा माझी चौथीपर्यंत. दत्तू माझा चुलतभाऊ, आठ वर्षांनी धाकटा. चुन्याचा गिलावा दगडी गोट्याने घोटून, त्यावर शिरा रंगवून भिंत संगमरवरासारखी करायची, हे काम मीच त्याला शिकवलं. ग्वाल्हेरात ज्याला त्याला आपली बैठक राजवाड्यासारखी हवी असायची. आम्हाला उसंत नव्हती. मी त्याला दटावायचो, "शीर मध्येच तुटली की भिंत खोटी दिसते रे."

मग मंदी आली. सेठलोक म्हणू लागले, "उस्ताद, दिखे महल जैसा, पर सस्ते में." प्लास्टिकच्या पट्ट्या आल्या, वर संगमरवर छापलेला. दत्तूला दोन मुली. तो पट्ट्या लावायला लागला. मी चारचौघांत म्हणालो, "दत्त्या, हात विकलास." तो हसला. "हात नाही, दादा. गोटा ठेवून दिलाय फक्त." पुढे स्वतःच्या घरात पट्ट्या लावल्या तेव्हा बोलवायला आला. "एकदा नजर टाका. चुकलं तर शिव्या द्या." मी दारातूनच सांगितलं, प्लास्टिकच्या घरात पाय ठेवणार नाही. त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही... चार वर्षं गेलो नाही.

तेराव्याला गेलो. भिंत बघितली आणि जवळ जाऊन शिरांवरून बोट फिरवलं. एकेक पट्टी वरखाली सरकवून त्याने शिरेला शीर मिळवली होती. कुठे म्हणून तुटली नव्हती. कोपऱ्यात मात्र एका पट्टीची जागा उघडी, ती पट्टी खाली टेकवून ठेवलेली, शेजारच्या कोनाड्यात तोच गोटा.

"ही का राहिली?" मी त्याच्या बायकोला, नलूला विचारलं.

"राहिली नाही, भाऊजी, ठेवली. म्हणायचे, दादांचा राग उतरला की शेवटची तेच लावतील."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. पट्टी उलटी धरली. "अशी नाही, खाच त्या बाजूला," नलूने दाखवलं. बसली. शीरही मिळाली. आणि पन्नास वर्षांच्या सवयीने मी तिच्यावर गोटा फिरवला... तळहाताएवढी चकाकी उडाली. मान वर करवेना.

"राहू द्या, भाऊजी," नलू म्हणाली. "कोणी लावली ते तरी कळेल."