जव्हारचा घाट आणि बॉनेटवर बांधलेले दोरे

जव्हारला गाडीने जायचं असेल तर माझं ऐका. पालघरहून ऊन चढायच्या आत निघा, वाघोबाच्या खिंडीत माकडांना खायला देऊ नका, आणि पुढच्या सीटवर घरातल्या म्हातारीला बसवा. तिला काय दिसेल सांगता येत नाही. मी सांगते आहे, नात लिहिते आहे. अक्षर मला कधी आलं नाही. रस्ता मात्र पाठ आहे.

मी पहिल्यांदा गेले ती गोष्ट अठ्ठ्याऐंशीच्या आसपासची, होळीनंतरची. घर आमचं तारापूरच्या किनाऱ्याला. मी बोंबील सुकवायचे आणि विकायचे. माझे यजमान आधी होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे, मग बोईसरला कारखाने वाढले तसं त्यांनी तिथे पत्र्याच्या शेडमध्ये मोटारींचं गॅरेज काढलं. आमची हेमा एकोणीस वर्षांची. दहावी झाल्यापासून तीही शेडमध्येच, ऑइलने कोपरापर्यंत काळी.

आमची स्वतःची एक जुनी टॅक्सी होती. चढ आला की तिला धाप लागायची. हेमा म्हणायची, बॉनेटखाली हवा तापते आणि इंजिन तीच तापलेली हवा ओढतं. यजमान एका लग्नाला वाणगावला गेले ते निमित्त साधून तिने छिन्नीने बॉनेटला काचेजवळ पाच खाचा पाडल्या. परत आल्यावर यजमानांचं तोंड ताज्या बोंबलासारखं उघडं.

“बापाच्या गाडीला भोकं पाडलीस?”

“बाबा, गरम हवा वर जाते. काचेपाशी बॉनेट सगळ्यात उंच हाय. तिथून निघून जाईल.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून वेताची एक नवी कोरी पाटी आणली आणि हेमासमोर ठेवली. “भरलेली गाडी जव्हारचा घाट न थांबता चढली तर शेडमध्ये राहा. नाय चढली तर ही पाटी डोक्यावर घे आणि आयसंगं मासे विकायला बस.”

मासे विकणं ही शिक्षा असते हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी शिक्षा भोगत होते आणि त्यावर घर चालत होतं.

निघालो. मागे सुक्या बोंबलाच्या चार टोपल्या आणि त्यांच्या मध्ये दाबून बसवलेली हेमा. पुढे मी. गाडी यजमानांच्या हातात. बोईसर ते पालघर रस्ता सपाट, त्यांनी मुद्दाम जोरात पळवली. पालघरला स्टेशनाबाहेर चहा आणि बटाटावडा घेतला. तुम्हीही इथेच खाऊन घ्या, पुढे खिंडीत माकडं तुमच्या हातातलं खातात.

वाघोबाच्या खिंडीत देवळाच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि बसली. वरून येणाऱ्या ट्रकवाल्याने मान बाहेर काढली. “अम्मा, उतर के धक्का मारो, वजन भी कम होगा!”

“तू उतर आधी,” मी म्हटलं, “तुझं पोट बघता रस्ताच मोकळा होईल.”

यजमान स्टेअरिंगवर हात ठेवून बसले होते. “ही तर नुसती खिंड. पाटी उचलायची तयारी कर, हेमे.”

“बोली जव्हारच्या घाटाची हाय, बाबा.” आवाज ठाम होता, हात मात्र ओढणीला पुसत होती, स्वच्छ असलेले.

हेमाने बॉनेट उघडून इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकलं, वाघोबाला नमस्कार झाला, गाडी निवली तशी रडतखडत खिंड ओलांडून मासवणला उतरली. तिथे सूर्या नदीकाठी भाकरी सोडली. खाताना माझं लक्ष बॉनेटकडे. गाडी उभी होती तेव्हा खाचांतून चुलीसारखी झळ निघत होती. पण येताना मी पाहिलं होतं, रस्त्यावरचं एक वाळकं पान उडून काचेशी आलं आणि खाचेवर चिकटून बसलं. बाहेर येणारी हवा पान उडवेल की धरून ठेवेल?

“हेमे, धावताना तुझ्या भोकांतून हवा आत जाते,” मी म्हटलं.

“आये, गरम हवा वरच जाते.”

“उभ्या गाडीत. भिंतीपाशी टांगलेला बोंबील का सुकत नाय? वारा भिंतीवर आदळून तिथंच तुंबतो. तुझी काच म्हणजे भिंत.”

जाळं शिवायचा दोरा माझ्या कमरेच्या पिशवीत कायम. मी वीतभर तुकडे तोडले आणि बॉनेटवर पुढपासून मागपर्यंत पाण्यात कुस्करलेल्या भाकरीच्या खळीने चिकटवले. यजमान म्हणाले, “लगीन लावतेस काय गाडीचं?” तरी त्यांनी गाडी पुलापर्यंत नेऊन आणली. मी आणि हेमा काचेला नाक लावून. पुढचे दोरे ताठ, सरळ मागे. काचेजवळचे मात्र वेड्यासारखे गोल फिरत होते, दोन तर खाचांतून आत गेले.

हेमा उतरून त्या दोऱ्यांवर वाकली. मग भराभर बोलायला लागली. “म्हणजे वारा आत दाबतोय. पुढच्या जाळीतून आलेली हवा मग निघणार कुठून? तुंबते, तापते. गरम हवा पातळ असते आये, इंजिन घोट भरतं पण त्याचं पोट भरत नाय. खाचा पुढं पायजेत, रेडिएटरच्या मागं. तिथं वारा वरून पळतो, तो आतली हवा ओढून घेईल.”

म्हणजे बॉनेट पुन्हा कापायचं. तिने यजमानांकडे पाहिलं. मी भाकरीकडे पाहिलं.

ते उठले, डिकीतून छिन्नी-हातोडा काढला. पोरीच्या हातात देतील म्हणून मी बघत राहिले. त्यांनी विचारलं, “कुठं?” हेमाने खडूने रेघ मारली. पहिला घाव त्यांनी घातला, बाकीचे तिने. जुन्या खाचांवर गोणपाट आणि पत्र्याचा तुकडा बसवला. इंजिन ज्यातून हवा ओढतं त्या डब्याचं तोंड तापल्या इंजिनाकडे होतं, ते फिरवून पुढच्या जाळीकडे केलं, गार हवा थेट मिळावी म्हणून.

मनोर, मग विक्रमगड. रस्त्याला साग आणि मोह, सावली चांगली. घाट सुरू झाला. यजमानांनी गिअर खाली घेतला. पहिलं वळण. दुसरं. हेमाने मागून माझा खांदा धरला होता, आवळत होती. इंजिनाचा आवाज जड झाला, पण आचका आला नाही. एका वळणावर तर यजमानांनी पुढच्या जीपला मागे टाकलं आणि उगाचच हॉर्न वाजवला.

जव्हारच्या बाजारात बोंबील दुपारपर्यंत संपले. तिथली हवा गार, काजू घ्या, राजवाडा बाहेरून तरी बघा. मी काही बघितलं नाही. मी बघत होते ते त्या जीपवाल्याला. तो बॉनेटभोवती फिरून विचारत होता, “कोणत्या मिस्त्रीनं कापलं?”

यजमान म्हणाले, “पोरीनं.” मग थोडं थांबून, “माझ्या.”

दोऱ्याचं नाव कोणी काढलं नाही. मी म्हटलं, जाऊ दे, आज पोरीचा दिवस आहे.

परत आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी नवी पाटी घरात दिसेना. मी डबा द्यायला बोईसरला शेडवर गेले, तर ती तिथे हेमाच्या हाताशी, पान्यांनी आणि पकडींनी भरलेली. यजमान गाडीखाली झोपून ओरडत होते, “हेमे, चौदाचा पाना दे!”

ती टॅक्सी कधीच भंगारात गेली. गॅरेज आता हेमाचं आहे. घाटात गाडी दमते म्हणून लोक लांबून येतात, आणि हेमा सगळ्यात आधी बॉनेटवर दोरे चिकटवते. पाटी अजून तिच्या हाताशीच आहे, वेताची कड नव्याने बांधलेली. इतक्या वर्षांत तिला माशाचा वास लागला नाही. माझ्या घरातली तेवढी एकच पाटी.