जन्मतारखेचा पुरावा

बेलापूरच्या ग्रामपंचायतीत टपाल स्वीकारणारे ते लिपिक माझे प्रत्येक पत्र ओळीखाली पट्टी धरून, ओठ हलवत वाचतात आणि मगच शिक्का उचलतात. या संथपणाविरुद्ध मी दोनदा लेखी तक्रार केली; तीही त्यांनीच नोंदवून घेतली.

गेल्या डिसेंबरात मी हरकत घेतली: माझ्या फाटकासमोर नाताळच्या जेवणाचा मंडप नको, शिवाय येशूचा जन्म पंचवीस तारखेसच झाला, याचा पुरावा परवानगीच्या अर्जास जोडलेला नाही. लिपिक स्वतः ख्रिस्ती. तरीही त्यांनी सारे वाचले, शिक्का मारला आणि पोच माझ्या हाती दिली.

“आहे पुरावा?” मी कडाडलो.

“न्हाई काका. शास्त्रात तारीखच न्हाई. ती मागनं लोकांनी ठरवली. लिवलंय एवढंच, की आईबाप सरकारी नावनोंदणीला परगावी गेल्ते. उतरायला जागा मिळाली न्हाई, म्हनून बाळ गव्हाणीत ठेवलं. आमी ती जागेची गोष्ट ध्यानात ठेवतो. मंडपात ऊसतोडीची मानसं जेवत्यात. बिऱ्हाडं उघड्यावर हायेत त्यांची.”

मी पोच परत त्यांच्यापुढे सरकवली. “माझी हरकत सरपंचांकडे गेली?”

“दुपारी जाईल.”

“मागे घेता येते?”

“येती की. पन कारन लिवावं लागंल, काका. नियम हाय.”

केवढे हायसे वाटले! तिथेच, उभ्याने, मी हरकत मागे घेतली आणि कारण लिहिले: ‘माझ्या फाटकासमोर पुरेशी जागा आहे.’