टोमॅटोच्या गळ्यातला धागा

नववीत आमच्या शाळेत एक जादाचा विषय घ्यायचा होता, पुढे पोटापाण्याला उपयोगी पडेल असा. पर्याय दोनच: ब्यूटी पार्लर आणि शेती. पार्लरसाठी मुलींची नुसती झुंबड उडाली. मी शेती घेतली, कारण शेतीचा तास वर्गाबाहेर व्हायचा आणि आमच्या वर्गातला पंखा बंद होता. मातीची ओढ वगैरे काही नव्हती, खोटं कशाला बोलू? आज मी एका रोपवाटिकेत भाज्यांची रोपं तयार करते. लहानपणापासून आवड होती का, असं कुणी विचारलं की मला हसू येतं.

आम्ही सुरतजवळ कडोदऱ्याला राहायचो. वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला, आई घरी साड्यांना टिकल्या चिकटवायची. आमची सगळी वस्तीच खानदेशातून आलेली. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, शाळेत गुजराती, आणि भांडताना जी तोंडात येईल ती. शेती शिकवायला आलेल्या मॅडम तरुण होत्या, पलसाण्याच्या पुढच्या एका खेड्यातल्या. आम्ही त्यांना बेन म्हणायचो, गुजरातीत ताईला म्हणतात तसं. शाळेमागच्या भिंतीलगतची पट्टी त्यांना मिळाली होती. खणायला घेतली तर माती कमी आणि चिंध्या, फुटक्या बॉबिन, विटांचे तुकडेच जास्त. आम्ही नाकं मुरडली. बेननी ओढणी कमरेला खोचली, स्वतः कुदळ घेतली आणि म्हणाल्या, "चालो." अशा बाईसमोर नाक किती वेळ मुरडणार?

त्यांनी आम्हाला गादीवाफे करायला शिकवलं, बी किती खोल टाकायचं ते शिकवलं, पान पिवळं पडलं की ते उलटून बघायला शिकवलं. दहावीत आल्यावर टोमॅटो लावले. रोपं हातभर झाली तशी त्यांना बांबूचा आधार द्यायची वेळ आली. सुतळी संपली होती. आम्ही म्हटलं, सुतळी कशाला? आमच्या घरोघरी लूमवरचा टाकाऊ धागा पडलेला असतो, पॉलिस्टरचा, चकचकीत. आणि गाठ बांधायची म्हणाल तर आम्ही लूमवाल्यांच्या पोरी. तुटलेला धागा जोडायची ती बारीक, घट्ट, कधी न सरकणारी गाठ आम्हाला पाढ्यांच्या आधी येत होती. एका दुपारी सगळी पट्टी बांधून काढली. लूमवर धागा जसा ताणून धरतात, तसंच प्रत्येक खोड बांबूला ताणून आवळलं. बेन त्या दिवशी मीटिंगला गेल्या होत्या. आमची छाती अशी फुगली होती की काही विचारू नका.

मग दिवाळी आली. दिवाळीत लूम बंद राहतात आणि आमची वस्ती गाठोडी घेऊन गावाकडे निघते. आम्हीही गेलो. पाणी घालायला शाळेचे शिपाईकाका होते, त्यामुळे काळजी नव्हती.

निघण्याआधी मी घरी एक गोष्ट बोलून बसले होते. दहावीनंतर नवसारीकडे शेतीचा डिप्लोमा करता येतो, मुलींना हॉस्टेल आहे, आणि बेन म्हणतात मी जावं. वडिलांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. त्यांच्या मनात माझं सगळं ठरलेलं होतं: कॉम्प्युटरचा क्लास, मग कापड मार्केटमधल्या एखाद्या दुकानात एसीत बसून बिलं काढायची. लूमच्या खडखडाटात कान गेलेल्या माणसाला पोरीसाठी शांत, थंड खोली हवी होती. आज मला ते समजतं, तेव्हा नुसता राग आला होता. ते म्हणाले, "वावर सोडीसन आठे उनूत, आनि तू परत वावरमा जाशी? शेती म्हनजे आभायकडे देखीसन बसनं." आभाळाच्या भरवशावरचं शेत सोडून ते इथे आले होते आणि मी परत तिकडेच निघाले होते. मला वाटलं, संपलं.

सुट्टीनंतर शाळेत गेलो आणि पट्टीकडे बघून जागीच थांबलो. खोडं जाड झाली होती, पण धागा तसूभरही सैल झाला नव्हता. तो खोडात रुतून बसला होता, आणि त्याच्या वरचे शेंडे माना टाकून लोंबत होते. बेन खाली बसल्या, एका खोडावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अरे, आ तो फांसी छे!" आम्ही रडवेल्या. त्यांनी ओरडायला हवं होतं, पण ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, लूमवर धागा वाढत नाही, रोप वाढतं, एवढंच तुम्ही विसरलात. रविवारी ब्लेड घेऊन या.

त्याच रविवारी त्यांनी माझ्या वडिलांनाही निरोप धाडला होता. ते रात्रपाळी करून, डोळे लाल, सरळ शाळेत आले. ठाम नकार द्यायला आले होते, हे त्यांच्या चालीवरूनच दिसत होतं. आम्ही मुली वाफ्यात उकिडव्या बसून एकेक धागा कापत होतो. वडिलांनी वाकून पाहिलं. गाठ त्यांनी लगेच ओळखली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की हसावं की रागवावं हे त्यांनाच कळत नसावं.

बेननी 'बसा' म्हटलं नाही की भाषण केलं नाही. वडिलांच्या हातात ब्लेड दिलं. मग सुती चिंधीची पट्टी घेऊन दाखवलं: आधी बांबूला पक्की गाठ, मग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा वेढा, आणि खोडाभोवती बोट जाईल एवढी जागा सोडायची, वाढायला. वडिलांनी एक बांधलं. बेननी ते सोडवलं, पुन्हा बांधायला लावलं. त्यांनी दुसरं बांधलं, तिसरं बांधलं. लूमवर देखरेख करणाऱ्या मास्टरचाही शब्द न ऐकणारा माझा बाप निमूटपणे शिकत होता. पुढे बरीच झाडं वाचली, काही गेली.

ओळ संपली तसे ते उठले, हात झटकले आणि स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आमले हाई कोनी शिकाडंच नही."

त्या बाईंचे माझ्यावर किती उपकार आहेत ते कसं सांगू? त्यांनी मला शेती शिकवली, ते तर आहेच. पण माझ्या वडिलांना त्यांनी वाफ्यात बसवलं आणि कमीपणा वाटू दिला नाही, त्याचं मोल माझ्या लेखी फार मोठं आहे.

बेन हॉस्टेलबद्दल हिंदीत सांगत होत्या, वडील मान खाली घालून ऐकत होते. मी ब्लेड हातात धरून उभी. शेवटी ते माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "बेनले इचार, तठे भाकर भेटस का नुसता भातच?"

बेनना अहिराणी समजेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिथे भाकरी मिळते का, एवढंच मी गुजरातीत विचारायला गेले आणि अर्ध्यावरच मला रडू फुटलं. बेनना वाटलं मी हॉस्टेलला घाबरले. त्या माझ्या पाठीवर हात फिरवत धीर द्यायला लागल्या, आणि मी रडत रडत नुसती मान हलवत राहिले, नाही बेन, तसं नाही.