माझ्या नावापुढची लाल खूण

कमलताई गेली ही बातमी मला डेरीवर कळली. दुधाची किटली हातातच ऱ्हायली. डेरीवाला म्हणला, तुमची ती नर्सबाई, वर घाटाकडं बदली झालेली, छातीत दुखलं आन दवाखान्याच्या वाटंतच गेली. मी पोरीला कडंवर घट्ट धरलं. खरं सांगते, मला पहिलं रडू न्हाई आलं, भ्या वाटलं. मी येडी न्हाई हे सांगणारं आता कोण ऱ्हायलं...

महिना झाला त्याला. मी सातवीपतुर शिकलेली, मला पेपरात लिहायची सवय न्हाई, पन आरोग्य केंद्रातल्या शोकसभेत एक माणूस जे बोलला ते ऐकल्यापासनं माझ्या डोक्यात जाळ हाय, म्हणून लिहिती.

आमची धरणग्रस्तांची वसाहत. गाव पाण्याखाली गेलं तवा मी परकरातली पोर व्हते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनी घरं उघडी पडत्यात, भिंती न्हाई, नुसतं जोतं आन उंबरा. घरात नवं लेकरू झालं असंल तर तितं न्यायचं, उंबऱ्यावर ठेवायचं आन घरच्या गेलेल्या माणसांना सांगायचं, ही बघा तुमच्या घरची पोर. सगळी वसाहत असंच करती. मी पन माझ्या मनीला ठेवली, आजेसासूशी बोलले, बरं वाटलं. पन बाळंतपणानंतर मला झोप येईना, भांडं पडलं तरी काळीज धडधडायचं, उगा डोळं भरायचं. कमलताईला सांगितलं तर म्हणली, शोभे, घाबरलीयस तू, दुसरं काय न्हाई, मी येत जाईन.

त्याच सालात पुण्याकडनं एक सर आले. धरणग्रस्तांची मनं तपासायची म्हणून हातात मावंल असं यंत्र आणलं, काडीनं त्याच्या काचंवर टिचकी मारायची. डाक्टर आन नर्सा सगळ्यांना जुन्नरला तीन दिवस शिकवायला बसवलं आन सांगितलं, सरावाला एकेक पेशंट बाई घेऊन या. ताईनं मला नेलं. मनी मांडीवर, पंखा गरगरतोय, मी घामानं भिजलेली. यंत्रात वीस प्रश्न. ताईनं वाचलं, मेलेल्या माणसांशी बोलता का? मी म्हणलं, व्हय, परवाच बोलले की. ताईचा हात थांबला. ती सरांना म्हणली, हिच्याकडं तशी रीत हाय, हितं दोन शब्द लिहायला जागा द्या. तो हसला. म्हणला, "बाई, कादंबरी नका लिहू. हो का नाही, तेवढंच दाबा. आणि हा सराव आहे, संध्याकाळी सगळं पुसून टाकणार आहे." डाक्टर हसले, बाकीच्या नर्सा पन हसल्या. वीस वर्सं बाळंतपणं केलेली बाई ती, कान लाल करून खाली बसली आन तिनं हो दाबलं.

त्यानं पुसलं न्हाई. विसरला. महिन्याभरानं आरोग्य केंद्रात यादी आली, माझ्या नावापुढं लाल खूण, बाळंतिणीला एकटं सोडू नये, लेकराला धोका. गावात असलं काय लपतंय व्हय? सासूनं त्याच दिवशी मनीला माझ्याकडनं काढून घेतलं. पोर भिंतीपल्याड रडायची, हितं माझं दूध दाटून ताप यायचा, आन मी जितकी रडायची तितकं समदे म्हणायचे, बघा, यंत्र खोटं बोलंल व्हय. नवरा मला माहेरी धाडायला निघाला, पोरीला ठेवून.

ताई रोज दिस मावळायच्या आदी यायची. सासूला म्हणायची, "द्या हिच्याजवळ. मी बसते हितं, माझ्या डोळ्यांदेखत पाजू द्या." महिनाभर बसली. मंग एक दिवस सासूनंच मनीला माझ्या कुशीत दिलं आन म्हणली, बाई, तुमी जावा आता, आमी बघतो. आन ताईनं वर अर्ज केला, सरावाचं पुसलं न्हाई, चूक सरांची हाय. सरांनी उलटं कळवलं, नर्सला यंत्र जमत न्हाई, तिनंच चुकीचं दाबलं. तिची बदली झाली. पन्नाशीच्या बाईला रोज घाटाचा तो चढ. छातीत दुखणार न्हाई तर काय!

आन शोकसभेत हाच माणूस तिच्या फोटोला हार घालून म्हणतो, कमलताईंनी नवं तंत्र हसत हसत स्वीकारलं. हसत कोण व्हतं ते मला म्हाईत हाय.

सभा संपल्यावर तो माझ्याकडं आला. ताई घरच्या एका वहीत बायांचं सगळं लिहून ठेवायची, ती वही तिच्या लेकीनं मला दिली हे त्याला कळलेलं. वरनं माणसं तपासणीला येणारेत, वसाहतीतल्या निम्म्या बाया लाल कशा म्हणून, आन खरं काय ते त्या वहीतच व्हतं. तो हात जोडून म्हणला, "शोभाताई, दोन दिवसांसाठी द्या. परत आणतो."  मी म्हणलं, न्हाई देत.

घरी येऊन वही उघडली. माझं पान हाय, शोभा घाबरलेली आहे, वेड नाही, रोज जाऊन बसणे. आन चार पानं पुढं जुन्नरच्या त्या दिवसाचं पान. मला वाटलं, ताईनं त्याला चांगल्या शिव्या घातल्या असत्याल, लई हौसेनं वाचलं. एक शिवी न्हाई. त्याच्याबद्दल तीनच ओळी हायत, आजाऱ्याबद्दल लिहावं तशा. तिनं त्याच्यात काय बघितलं ते त्याच्या आईनं पन बघितलं नसंल.

ते मी हितं लिहिणार न्हाई. त्याला वाचायचं असंल तर त्यानं वसाहतीत यावं, माझ्या दारात सगळ्यांसमोर बसावं. मी त्याला वीस प्रश्न विचारीन. काय सांगायला लागला तर म्हणीन, हो का न्हाई, तेवढंच बोला.