बिनखुंट्यांचा तंबू
तंबूच्या कापडाचा तो रबरी, कोंदट वास आला की मला साक्रीच्या पुढचा माळ आठवतो. सायकलवरच्या लांब प्रवासाआधी मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू तोलली होती. पंक्चरच्या डबीचं झाकणसुद्धा वगळलं आणि तंबूच्या खुंट्या सरळ घरी ठेवल्या. दगड काय, कुठेही मिळतात! संध्याकाळी रस्त्याकडेला गोल दगडांचा ढीग दिसलाच. त्यातले चार उचलले, तंबूच्या दोऱ्या त्यांना बांधल्या आणि थकून झोपलो. उजाडताना बाहेर आलो तर वारा सुटला होता, दोऱ्यांचे फास रिकामे होते आणि दगड पुन्हा ढिगावर होते. तरी तंबू जागचा हलत नव्हता. चारही दोऱ्या ताठ ताणलेल्या, टोकं जमिनीपासून वीतभर वर, कोणीतरी धरून बसावं तशी. तेवढ्यात शेळ्या घेऊन एक अक्का आली. माझ्याकडे बघून, ढिगाकडे बोट दाखवत म्हणाली, "भाऊ, आठे एक वाटसरू मरेल शे. त्याना दगड लेवाना नही, ठेवाना ऱ्हास." म्हणजे इथले दगड न्यायचे नसतात, वाहायचे असतात. वाटेवरचा एक दगड तिने माझ्या हातात दिला; मी तो ढिगावर ठेवला. "सोड आते, बाबा," रिकाम्या दोरीकडे बघत ती हळूच म्हणाली, आणि चारही दोऱ्या एकदम सैल पडल्या. तंबू उडून बाभळीला अडकला. आता सामान भरताना खुंट्या सगळ्यांत आधी जातात. पण धुतलेला तंबू गॅलरीत वाळत घालताना दोरी जराशी ताणली गेली, तरी मी आधी तिचं दुसरं टोक बघतो.