काखेत उबवलेलं रक्त

“सर, ती पेशी एकही नाही दिसली,” मायक्रोस्कोपवरून मान वर करून मी सांगितलं.

सत्तरच्या दशकात भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होते. पेशंट मोहाडीकडची सुमन. तीन महिने ताप, सांधे धरलेले, गालांवर लाल चट्टे. चट्टे पाहून गावाने महारोग ठरवून टाकला होता. त्याची तपासणी मीच केली होती, निगेटिव्ह. पण सासू ऐकेना. घरी सुमनची थाळी वेगळी केली होती.

“संध्याकाळच्या गाडीनं तिले मायच्या घरी धाडतो. घरात लेकरं हायेत, बाई,” सासू मला म्हणाली.

डॉक्टरांना ल्यूपसची शंका होती. म्हणजे शरीराचे राखणदारच घरच्यांवर हात उचलतात. त्याची खूण म्हणजे एलई सेल. रक्तातली पांढरी पेशी दुसऱ्या पेशीचं केंद्र गिळून बसते, तिच्या पोटात जांभळा गोळा दिसतो.

मग माझी चूक लक्षात आली. आमचा मुलूख मलेरियाचा. रक्त काढलं की लगेच स्लाइड, हे हाताला वळण. पण एलई सेल बाहेर काढलेल्या रक्तात, अंगाएवढ्या उबेत, दोन तासांनी तयार होते. हे मी शिकले होते, तरी हात सवयीने चालला. स्वतःचाच भयंकर राग आला.

पुन्हा रक्त घेतलं. ट्यूब इनक्युबेटरमध्ये ठेवणार, तोच लाइट गेली.

“आता उद्या बघू,” डॉक्टर म्हणाले.

“उद्या ती माहेरी असेल, सर.”

ट्यूब रुमालात गुंडाळून मी काखेत धरली आणि बाकावर बसले.

सासूने विचारलं, “काहून अशा बसल्या, बाई? तुमालेई ताप आला का?”

“तुमच्या सुनेचं रक्त उबवून राहिली!”

दोन तासांनी गोठलेलं रक्त जाळीतून रगडलं, हाताने फिरवायच्या सेंट्रिफ्यूजमध्ये गरागरा फिरवलं, वरच्या पांढऱ्या थराची स्लाइड रंगवली. खिडकीच्या उजेडात पाहिली. जांभळा गोळा! एक, मग आणखी दोन. मी इतक्या जोरात “सर!” म्हणाले की ते धावतच आले.

“महारोग नाही,” त्यांनी सासूला सांगितलं. “हा रोग कोणाले लागत नाही. किडनी बिघडायच्या आत सापडला. गोळ्या चुकवू नका.”

“मंग माह्या ताटात जेवली तं चालते?”

“चालते.”

संध्याकाळची गाडी सुमनशिवाय गेली. पुढे ती तपासणीला यायची, तेव्हा सासू डबा आणायची. व्हरांड्यात दोघी एकाच थाळीत जेवायच्या. मला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मलेरियाची स्लाइड लगेच करावी, एलई सेलची दोन तासांनी. आणि निगेटिव्ह रिपोर्टवर सही करण्याआधी आपला हात तपासावा.