सर्वांसाठी खुलं वाचनालय आणि माझी थाळी

आमच्या गल्लीतलं डिजिटल वाचनालय सर्वांसाठी खुलं झालं ते भूकंपामुळे, आणि तो भूकंप झालाच नव्हता.

वाचनालयात बारा कॉम्प्युटर होते, पंखे होते, थंड पाण्याचं मशीन होतं. फक्त आत जाता येत नव्हतं. दारावर पाटी : 'क्लासचं ओळखपत्र असेल त्यालाच प्रवेश.' आता लातुरात क्लास न लावलेला माणूस म्हणजे जवळजवळ जन्माचा दाखला नसलेला माणूस! माझी भाची सोनाली इस्लापूरहून नर्सभरतीची तयारी करायला माझ्याकडे आली होती. परीक्षा महिन्यावर, तीही कॉम्प्युटरवर, आणि पोरीनं जन्मात माऊसला हात लावलेला नव्हता. (ती पोळपाटावर साबणाची वडी फिरवून सराव करायची. कल्पना माझी.)

त्यात वॉर्डाची निवडणूक लागली. एक उमेदवार म्हणाला, वाचनालय सगळ्यांना खुलं करू. दुसरा म्हणाला, एखाद्या क्लासकडे चालवायला देऊ, शिस्त राहील. मी पहिल्याच्या बाजूनं. दुसऱ्याच्या बाजूनं माझे सख्खे दीर दत्ताभाऊजी. राहायला भिंतीपलीकडे, आणि वॉर्डाच्या फेसबुक ग्रुपचे चालक. भिंतीवर थाप मारून बोलले असते तरी चाललं असतं. पण मग चारशे लोकांनी कसं वाचलं असतं?

भाऊजींनी लिहिलं, "सगळ्याला उघडलं की लोक मोबाइल चार्ज करायला येतेत."

मी लिहिलं, "येऊ द्या. तुमच्या उमेदवाराच्या डोक्यात तरी कुठं करंट आहे?"

"वहिनी, मुद्द्यावर बोला!"

"भाऊजी, आधी मुद्दा आणा!"

हे पंधरा दिवस चाललं. माझ्या कमेंटला शेकडो अंगठे पडायचे. मी भाजी फोडणीला टाकून अंगठे मोजायची. भाजी तीनदा करपली. शेवटी मतदान झालं आणि दोघंही पडले. तिसराच निवडून आला, ज्याच्याबद्दल आम्ही एक अक्षर लिहिलं नव्हतं!

मग प्रश्न वाचनालयाच्या साहेबांकडे गेला. साहेब बाहेरच्या जिल्ह्यातले, नवे. म्हणाले, गुरुवारी अकरा वाजता पाहायला येतो. लोकांची मागणी दिसली तर खुलं करतो, नाहीतर क्लासला देतो. मी ग्रुपवर आवाहन टाकलं. "नक्की येणार!" "येणार म्हणजे येणार!" "ताई, आगे बढो!" एकशे बारा जण येणार होते.

गुरुवारी अकराला कुलपासमोर तिघं होतो : साहेब, सोनाली आणि मी. समोरच माझं घर, गल्लीत चिटपाखरू नाही.

साहेब घड्याळ बघत म्हणाले, "बाई, मागणी फक्त तुमच्या घरातच दिसते."

"येऊन राहिले साहेब, सगळे."

"कुठून?"

अकरा वीसला त्यांनी पेनाचं टोपण काढलं. सोनालीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला तो पोळपाट आठवला.

त्र्याण्णवच्या खऱ्या भूकंपापासून आमच्या गल्लीत एक कायदा आहे. हादरा ज्याला आधी जाणवेल त्यानं दारात येऊन थाळी बडवायची. ऐकणाऱ्यानं हातातलं टाकून बाहेर पळायचं. विनाकारण थाळी बडवायची नाही. बारशाला नाही, मॅच जिंकली तरी नाही. हे मला पूर्ण माहीत होतं. मी घरात गेले, परात उचलली (थाळी बारीक वाटली) आणि उलथन्यानं हाणायला सुरुवात केली.

अर्ध्या मिनिटात गल्ली भरली! हॉस्टेलची पोरं जीवशास्त्राची पुस्तकं छातीशी धरून आली. शेजारच्या नसीमाआपा शिट्टी देणारा कुकर घेऊन आल्या. दत्ताभाऊजी टॉवेलवर, तोंडाला साबण, हातात पाणी गळणारा मोबाइल. (न्हाणीत बसून माझ्याच कमेंटला उत्तर लिहीत होते, थाळी ऐकून दचकले आणि फोन बादलीत गेला.)

"क्या हुआ बाई? हिला क्या?" नसीमाआपा.

साहेब थक्क! "एवढे वाचक?" त्यांनी थेट भाऊजींनाच गाठलं. "अंघोळ अर्धी टाकून आलात! सांगा, काय पाहिजे?"

भाऊजी कापत म्हणाले, "साहेब, सगळ्याला उघड्यावर बसू द्या! कुणालाच आत कोंडू नका!"

"खुलंच पाहिजे ना?"

"हाव! एकदम खुलं!"

साहेबांनी जागेवर सही केली आणि गेले. मग गल्ली माझ्याकडे वळली. नसीमाआपा कुकर खाली ठेवून म्हणाल्या, "माझी सासू आठ वर्षांत जिना उतरली न्हाई. आज धावत उतरली. आता वर कोण चढवणार, तुझा उमेदवार?" मी आणि सोनालीनं चढवलं. म्हातारी दर पायरीवर मला शिव्या देत होती, आणि त्या रास्त होत्या.

भाऊजींनी उसन्या मोबाइलवरून ग्रुपमधलं माझं नाव त्याच दुपारी काढून टाकलं.

सोनालीला कॉम्प्युटर मिळाला आणि पुढे नोकरीही. साहेबांनी मात्र "जनतेच्या नेत्या" म्हणून वाचनालयाच्या किल्ल्या माझ्या हाती दिल्या. रोज सकाळी उघडायचं, नवख्यांना शिकवायचं, आणि दिवसभर 'शांतता राखा' या पाटीखाली बसायचं. मी!

पहिले सभासद दत्ताभाऊजी. मोबाइल गेलेला, सर्वांसाठी खुलं म्हणजे त्यांच्यासाठीही खुलं. रोज दहाला येतात, एका बोटानं तासभर टाइप करतात. पहिल्याच दिवशी मला हाक मारली, "वहिनी, झालं लिहून. पाठवायचं कुठं दाबून?"

मी वाकून वाचलं. "आमच्या वहिनींच्या थाळीपासून गल्लीला असलेला धोका : भाग एक."

नियम म्हणजे नियम. मीच दाबलं.